बोलता येईल इतपत

सव्वापाचचा गजर मी उशीखाली ठेवते,
आवाज तिच्या खोलीपर्यंत जाऊ नये म्हणून.
ती जागीच असते.
अंधारात, पलंगाच्या कडेला, मोजे चढवून बसलेली,
दहा वर्षांची ऋजुता,
एखाद्या परगावच्या पाहुण्यासारखी तयार.

सहकारनगरचा चढ आम्ही चालतच चढतो.
तळजाईच्या फाटकापाशी भोंडवे काका
कारल्याचा रस हातात घेऊन उभे.
"अहो, पोरीची हाडं कोवळी आहेत अजून.
गुडघे जातील. उंची खुंटेल.
आमच्या वेळी..."
आणि रस घशाशी येतो,
त्यांच्या वेळी काय व्हायचं ते राहूनच जातं.

मी हसते, नाडी घट्ट करते.
रात्री मात्र तेच शोधत बसलेली असते,
हाडांची टोकं, वाढीच्या कूर्चा,
कुणी म्हणतं पळू द्या, कुणी म्हणतं बारापर्यंत नको,
आणि पहाटे दोन्ही विसरून
घड्याळाचं बटण दाबते.

मला डिसेंबरात दहा किलोमीटर पळायचे होते.
तिला फक्त माझ्या डाव्या हाताला असायचं होतं.
हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

ती पळायची गप्प.
गिरिपुष्पाच्या रांगेतून, मोर ओरडला तरी गप्प,
उतारावर कुत्री मागे लागली तरी
माझ्या टी-शर्टचं टोक धरून गप्प.
मला वाटायचं, काय एकाग्रता आहे!
चुलतबहिणीला फोनवर सांगितलंसुद्धा.

एका रविवारी घरी आल्यावर
तिचा मोजा टाचेपासून सुटेना.
कोमट पाण्यात पाय बुडवून बसलो.
पाणी आधी गुलाबी झालं, मग तपकिरी.
बूट अर्ध्या नंबराने लहान झाले होते,
कुमठेकर रस्त्यावरून जूनमध्ये आणलेले.
"कधीपासून?"
"गुरुवारपासून."
"मग बोलली का नाहीस?"
बादलीतल्या पाण्यात बोटं हलवत म्हणाली,
"तू थांबली असतीस ना."

डॉक्टर तांबोळींनी गुडघे दाबून पाहिले,
टाच पाहिली, उंची मोजली, वजन लिहिलं.
मी भोंडवे काकांचे सगळे प्रश्न विचारले,
माझे म्हणून.
"पळू दे की. मुलं पळणारच.
बूट बघत जा. पाणी. कंटाळली तर घरी.
आणि पळताना दोघींना बोलता येईल
इतपतच पळायचं.
तिला बोलता आलं नाही तर वेग तुमचा आहे,
तिचा नाही."

तर आता आम्ही बोलतो.
म्हणजे ती बोलते.
विज्ञानाच्या बाईंच्या नव्या चष्म्याबद्दल,
आर्याने कुणाशी कट्टी केली, का केली, किती दिवस,
मुंग्यांना दम लागतो का,
वरच्या टाकीत कुणी पडलं तर कळेल का आपल्याला.
काकांना हात करते. काका ग्लास वर करतात.
मधेच थांबते, पीस उचलते,
ते खिशात नीट बसेपर्यंत मी जागच्या जागी पळते
आणि घड्याळ बाहीखाली सरकवते.
डिसेंबरचं नाव नोंदवलंच नाही.
वाईट वाटलं का? वाटलं.
दोन दिवस वाटलं.

काल परतीच्या चढावर
माझा उजवा गुडघा पुन्हा कुरकुरला.
तो जुना आहे, तिच्या जन्माआधीचा.
मी तोंड मिटून घेतलं, नाकाने श्वास घेतला,
पाऊल जरासं तिरकं टाकत राहिले.
ती थांबली.
"आई, तू गप्प का झालीस?
दुखतंय का?"

"छे गं," मी म्हणाले,
आणि मला तो आवाज ओळखीचा वाटला.
तसाच, हलका, घाईघाईचा,
समोरच्याने थांबू नये म्हणून काढलेला.

ती माझ्या गुडघ्याकडे बघत उभी होती,
कमरेवर हात ठेवून,
खिशातून पीस डोकावत होतं.
"खरं सांग," म्हणाली.