काचेत ठेवू नये

मृत्युपत्राच्या तिसऱ्या पानावर,
ट्रॅक्टर आणि शिवणयंत्र यांच्या मधोमध,
एक ओळ होती:
दाराला लावायचा दगड संग्रहालयाला द्यावा.
काचेत ठेवू नये.

वकिलांनी चष्मा पुसून ती पुन्हा वाचली.
कॅलगरीहून आलेल्या पुतण्याने विचारलं, किमती आहे का?
मी गप्प.
मी संग्रहालयातली शिक्षिका, म्हणजे
तिकिटं, झाडू आणि डायनोसॉर
तिन्ही माझ्याच अंगावर.

ओनुफ्री गव्हाच्या कोठारावर वजनं करायचा.
तेक्ला शाळेची बस चालवायची, एकतीस हिवाळे.
उणे पस्तीसच्या रात्री
इंजिनाला विजेची वायर जोडून ठेवायची
आणि मध्येच उठून खिडकीतून बघून यायची,
गाभण गाय बघावी तशी.

बटाटे काढताना त्यांना पहिला मणका लागला.
या ताटासारख्या सपाट मुलखावर
एके काळी समुद्र होता,
त्यात घराएवढे सरडे पोहायचे,
हे तोवर दोघांनाही कुणी सांगितलं नव्हतं.
गोणपाटात गुंडाळून त्यांनी तो आम्हाला आणून दिला.
आम्ही पावती दिली,
क्रमांक दिला,
काच दिली.

पुढच्या रविवारी तेक्ला आली,
सासरी दिलेल्या लेकीला भेटायला यावं
तशी ठेवणीतला कोट घालून.
बोट काचेला टेकलं मात्र,
आमचा पहारेकरी म्हणाला, बाई, हात नको.
ती निमूट मागे सरली.

दुसरा मणका घरीच होता.
त्याबद्दल चाळीस वर्षं
ते आमच्याशी चकार शब्द बोलले नाहीत.
मागच्या दाराशी पडून असायचा,
वारा अडवत.
बुटाच्या टोकाने ढकलून ढकलून
एक बाजू लोण्यासारखी गुळगुळीत झालेली.

वकील सांगत होते,
याच कागदावर दोघं कडाकडा भांडली.
त्याला नाव हवं होतं,
पितळेचं, दरवाजावर, फार मोठं नाही.
ती म्हणाली, पितळ कोण पुसणार?
डिझेल लिही.
मग डिझेल लिहिलं.
तीनशे वीस एकर विकून येतील त्या पैशांतून
दोनशे किलोमीटरच्या आतल्या प्रत्येक शाळेची बस,
दरवर्षी,
आणि चालकाला गरम सूप,
कारण ते कुणाच्या लक्षात राहत नाही.
शेवटी तिच्या तिरक्या अक्षरात:
मुद्दलाला हात लावू नये.
मणक्याला लावावा.

फेब्रुवारीत पहिली बस आली,
उत्तरेकडच्या तळ्याकाठच्या शाळेची.
बत्तीस मुलं, एक हातमोजा हरवलेला,
एकाला बस लागलेली.
मी टेबलावर मणका ठेवला
आणि सवयीने तोंड उघडलं, हात...
आणि मिटलं.

आधी कुणी हललंच नाही.
शिकवलेलं असतं ना त्यांना.
मग एक बोट. मग सगळीच.
एकीने कानाला लावला,
एकाने वजन करून सांगितलं, माझ्या भावाएवढा.
मागच्या रांगेतला,
सकाळपासून एक अक्षर न बोललेला,
पुढे आला आणि सरळ जीभ लावली.
बाई ओरडल्या.
तो माझ्याकडे वळून, तक्रारीच्या सुरात,
खारट नाही.
समुद्र होता म्हणालात ना?

मला उत्तर सुचलं नाही.
सूप पिऊन ते गेले,
बसचे लाल दिवे बर्फात बराच वेळ दिसत राहिले.

दिवे मालवल्यावर, कुलूप लावायच्या आधी,
मीही जीभ लावून पाहिली.
इकडेतिकडे बघून, चोरासारखी.

किंचित खारट होता.
समुद्राचा नव्हे.
चौसष्ट हातांचा असेल.