दोन नळ्या

इंजिनाचा काटा नव्वदवर
आणि स्टिअरिंगवर माझी बोटं निळी.
म्हणजे घोडं मध्येच कुठेतरी पेंड खातंय.

निवा, शहाऐंशी सालची. रंग एके काळी सायीचा.
उशगुली ते मेस्तिया, मेस्तिया ते उशगुली,
मागच्या सीटवर टपाल, पाव,
कधी कुणाची दाढदुखी.
काचेवर आतून बर्फ. तो खरवडायला
मी बाबांचं ग्रंथालयाचं कार्ड वापरते.

मुर्झाकान आला. एका कानाने बहिरा,
दुसऱ्याने फक्त स्वतःचं ऐकणारा.
"थर्मोस्टॅट," म्हणाला.
बाबाही हेच म्हणायचे,
हिवाळ्यामागून हिवाळे, अंगातला कोट न काढता.
थर्मोस्टॅट उघडाच राहिला असता, काका,
तर काटा इतका चढला नसता.
हे त्याने बहिऱ्या कानाने ऐकून घेतलं.

पाणी पाहिलं. भरलेलं.
गाडीचं नाक चढावर करून झाकण काढलं,
इंजिन फुरफुरू दिलं.
जेवल्यासारखे दोन ढेकर आले.
हवा असेल अडकली तर ती गेली.
थंडी तिथेच.

मग डॅशबोर्डखाली उताणी,
टॉर्च दातांत, केसांत गंज:
हीटरच्या नळाची तार सुटलेली.
दांडा सरकवला की तार सरकायची,
मोठ्या साहेबासारखी,
स्वतः हालायची, काही हलवायची नाही.
आवळली. पंखा लावला.
गार वारा. आता अधिक उत्साहाने.

"थर्मोस्टॅट," बाहेरून आवाज आला.

शेवटी दोन्ही नळ्या हातात धरल्या,
आत जाणारी आणि बाहेर येणारी.
एक भाजत होती.
दुसरी एन्गुरीतल्या माशासारखी.
म्हणजे ऊब दारापर्यंत येते
आणि उंबऱ्यावरच कुणीतरी तिला अडवतं.

निवा निवेपर्यंत थांबलो.
अंगणातला नळ गोठलेला,
म्हणून चुलीवरच्या किटल्या, नरसाळं,
आणि पाणी उलट्या वाटेने:
जिथून बाहेर पडायचं, तिथून आत.
आधी स्वच्छ आलं. मग गंजाचं लाल.
मग काहीच नाही.
मी तोंडाने फुंकलं, चव अजून जात नाही,
आणि भस्सकन
पिवळट, पिठूळ चिखल माझ्या बुटांवर.

आई दारात होती. खाली वाकली,
चिमूटभर उचलून हुंगला.
"मोहरी," म्हणाली. आणि मुर्झाकानकडे पाहिलं.

मुर्झाकानने टोपी काढली.
तो टोपी काढत नाही, कबरीपाशीसुद्धा.
"ब्याण्णवचा फेब्रुवारी," तो म्हणाला,
"माझं आतड्याचं दुखणं. मी मागे आडवा,
तुझा बाप शिव्या देत होता,
मला की रस्त्याला, समजत नव्हतं.
वळणावर रेडिएटर फुटला, धारच लागली.
दारिकोने वाटेत खायला म्हणून मांस दिलं होतं,
आणि मोहरीच्या पुडीचं पाकीट.
बिमुर्झाने सगळं पाकीट रेडिएटरात ओतलं.
भोक बुजलं. मेस्तिया गाठलं.
मी वसंतापर्यंत कुरकुरत होतो,
मांस नुसतंच खावं लागलं म्हणून."

भोक बुजलं, आणि त्याबरोबर हेही बुजलं.
बाबांना ठाऊक होतं.
धुऊन काढलं तर भोक पुन्हा उघडेल, हेही.
म्हणून तो कोट. म्हणून ते "थर्मोस्टॅट".
की नवा रेडिएटर परवडत नव्हता एवढंच?
आईला विचारलं. ती म्हणाली,
"दोन्ही. आता किटल्या आत आण."

संध्याकाळी पंख्यातून ऊब आली,
जळक्या धुळीची, थोडी झणझणीत.
काचेवरचा बर्फ काठापासून सुटत गेला.
मी हातमोजे काढले आणि ते कुठे ठेवायचे कळेना.

सकाळी गाडीखाली हिरवट थारोळं,
तळहाताएवढं.
त्याच्याशेजारी उकिडवा मुर्झाकान,
मांडीवर नवं कोरं पाकीट.
"अर्धाच चमचा," तो म्हणाला,
"जास्त नाही."