बिनपायांची बदकं

पहाटे पाचला मी शववाहिनी धुते.
जानेवारी. बादलीतल्या पाण्यावर
बर्फाची साय धरते.
डेट्रॉइटच्या पोटात मिठाची खाण आहे,
मीठ रस्त्यावर पसरतात आणि ते पत्रा खातं.
बाप म्हणायचा, अर्लीन, खाल्ल्या मिठाला जागावं.
इथे मीठच खातं, बाबा.
त्यानं कुणाला जागायचं?

आजोबांना शोरूमच्या दारातूनच परत पाठवलं होतं.
एकतीस साल. एझकिएल पेटवे, अंत्यविधीचा धंदा,
खिशात रोख.
मग हॅलोरन नावाच्या गोऱ्या कारकुनाला
तीनशे डॉलर दिले, नुसत्या सहीचे.
गाडी आजोबांची, कागद हॅलोरनचा.
रविवारी चर्चपुढे ती उभी राहायची
आणि आजोबा शोफरची टोपी घालून बसायचे
स्वतःच्याच गाडीत,
पोलिसांनी विचारलंच तर.

पुढे मंदीत कंपनी बुडायला आली
तेव्हा कुणीतरी हिशेब मांडला :
गिऱ्हाईक काळं असलं तरी डॉलर हिरवाच.
दार उघडलं.
न्याय म्हणून नाही,
गल्ल्याला भूक लागली म्हणून.

बाप क्लार्क स्ट्रीटच्या कारखान्यात लाल दिवे बसवायचा,
एका पंखाला दोन.
एकोणसाठची ती शेपटं!
विमानाची हौस जमिनीवर भागवलेली.
रात्री जेवताना त्याची बोटं
तशीच वळलेली असायची, दिवा पिळल्यासारखी.
त्या काळी चांगल्या शिलाई मशीनला,
चांगल्या कवळीलासुद्धा लोक म्हणायचे,
ही म्हणजे कॅडिलॅक हो!
बाप ऐकायचा आणि भात वाढून घ्यायचा.

मग एक्याऐंशी.
इंजिन असं की चालता चालता
दोन सिलिंडर झोपवायचं, कधी चार,
आणि उठवायचं विसरायचं.
वुडवर्ड अॅव्हेन्यूवर मिसेस ओडेसा क्रंप
चाळीस मिनिटं थांबल्या, आडव्या.
खांदा द्यायला आलेले सहा पुरुष
मागून गाडी ढकलत होते.
तिची बहीण हसली. आधी हळू, मग पोट धरून.
बाप हसला नाही.
त्यानंतरची ती छोटी गाडी,
शेवरोलेच्या पत्र्यावर मुकुट चिकटवलेला.
नाव मोठं, लक्षण खोटं.
ती रस्त्यात दिसली
की बाप बुटांकडे बघायचा.

सत्त्याऐंशीत कारखान्याला कुलूप लागलं.
तो घरी आला. डब्यात अर्धं सँडविच तसंच.

त्याच्या टेबलाच्या खणात एक बिल्ला होता.
ढाल, मुकुट, आणि सहा बदकं,
चोच नसलेली, पाय नसलेली.
म्हणतात, हे शहर वसवणाऱ्या फ्रेंच माणसानं
मोठं आडनाव स्वतःच लावून घेतलं होतं,
ढालही शेजारच्या खानदानाची उसनी.
पुढे कंपनीनं बदकं काढून टाकली,
नव्या पिढीला जड वाटतात म्हणून.
बाप म्हणाला, पाय नव्हते ना,
बसणार कुठे?
एवढंच. पुन्हा तो विषय नाही.

आता भाचा क्विंटेल विजेवरची घेऊन येतो.
दाराशी कधी लागते कळतच नाही.
तो म्हणतो, आत्या, ब्रँड परत आलाय.
मी विचारते, गेला कुठे होता?
तो फोनवर काहीतरी दाखवतो.
मला चष्मा सापडत नाही.

आज मिस्टर वेंडेल स्ट्राउड आहेत.
अडतीस वर्षं शहराची बस चालवली.
काल त्यांची बायको कोट न काढताच बसली होती,
हिशेबाचा कागद न वाचता सही केली,
आणि दारापाशी वळून म्हणाली,
कॅडिलॅकच आहे ना?
त्यांना फार होतं.

हो म्हणाले मी.
मग रात्री दिवा घेऊन खाली वाकले
आणि मागच्या चाकावरच्या गंजाला
काळा रंग लावला, दोन हात.
अजून पुरता वाळलेला नाही.