शांतीचा हात

फादर पावणेदोनला पोचतात,
तिसरं चर्च उरकून, बुटांना लातगालेचा बर्फ.
गेनोवेफानं शनिवारीच शेगडी पेटवलेली,
तरी मिस्साभर तोंडातून वाफ.

आम्ही अकरा जण.
गीतफलकावरचा सात हरवलाय, खडूनं काढतो.

डोनाट आणि वेरोनिका:
बांधावरच्या आलुबुखारापायी
नऊ वर्षांचा अबोला.
फक्त रविवारी, फादर म्हणाले की
हातात हात, ‘शांती असो’.
मग दाराबाहेर दोन वाटा.

काल तिची जागा रिकामी.
डोनाटनं सवयीनं हात पुढं केला,
मग बाकाच्या पाठीवरच ठेवून दिला.

आज टपाल घेऊन गेले,
तर तिच्या फाटकाशी सरपणाचा भारा.
बर्फात पावलं उमटलेली, आत जाणारी.
परतीची नव्हती.

पत्र पेटीत टाकलं.
हाक मारली नाही.