पोटकूळ

शेपटीवर त्यांचा निळा पक्षी,
तिकिटावर त्यांचं नाव, कॉफीच्या कपावरही त्यांचंच.
आमच्या कंपनीचं नाव दाराच्या चौकटीशी,
नखाएवढ्या अक्षरांत,
आत पाय ठेवताना कुणी बघत नाही तिथे.
वडील तलाठी होते. त्यांनी लगेच ओळखलं असतं:
सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’मध्ये
पेन्सिलीनं केलेली नोंद. पोटकूळ.

पिट्सबर्ग, फेब्रुवारी. डिपार्चरच्या दारात
चाळीस वैमानिक ओळीनं उभे,
पूर्ण गणवेश, टोप्या, तोंडातून वाफ, शब्द नाही.
हातातले फलक बोलत होते:
आमची उड्डाणं मक्त्यानं देऊ नका.
त्यांच्यामधूनच बॅग ओढत गेलो.
तोच काळा कोट, तशाच सोनेरी पट्ट्या.
एकीनं चुकून मलाही पत्रक दिलं,
मग माझं उघडं डोकं बघितलं
आणि हात तसाच राहिला तिचा हवेत.

पत्रकात खोटं काही नव्हतं.
पन्नास आसनांचीच विमानं, म्हणाले होते आधी.
मग सत्तर. मग शहात्तर.
ओसरी दिली, की हातपाय पसरतातच.
पण पसरलेले ते पाय माझे नव्हेत.
माझे पाय कोराओपोलिसच्या एका तळघरात
सहा बंकांत आठ जणांच्या पाळ्यांमध्ये
पलंगाबाहेर लोंबतात.
दुधाच्या बाटलीवर मार्करनं नाव लिहितो मी
आणि त्यांच्याच कंपनीतला माझा अर्ज
अकरा महिने उघडून बघतो: विचाराधीन.
खरं सांगायचं तर
त्यांचं कुंपण पक्कं राहावं, असं मलाही वाटतं.
मी आत गेल्यावर.

संध्याकाळी स्क्रँटनची फेरी.
कॉकपिटच्या दारात एक जण वाकून उभा,
काखेत गुंडाळलेला फलक.
“डुडेक. घरी जायचंय. मधली सीट मिळेल?”
विचारावंच लागतं. नियम आहे,
पंचवीस वर्षांच्या नोकरीलाही.
आमची कॅप्टन मारिसा टॅल्बट, वय एकोणतीस.
तिनं त्याच्याकडे बघितलं, मग फलकाकडे,
मग इंधनाच्या आकड्याकडे.
“बसा,” म्हणाली.

ती सीट भिंतीतून उघडते, पाटासारखी.
त्याचे गुडघे माझ्या कोपराला लागत होते.
दहा हजार फुटांखाली
कामाशिवाय बोलायचं नसतं.
किती भांडणं टाळली असतील या एका नियमानं.
वर गेल्यावर बोलता आलं असतं.
मारिसानं विचारलं, आधी उडवायचात का हा रूट?
“अकरा वर्षं. एकशे चाळीस सीट्स. डावीकडे बसून.”
आणि आता?
“रात्रीची सिएटल. उजवीकडे.”
पुढे कुणीच काही बोललं नाही.
खाली अंधार, मधूनच एखादं गाव,
सांडलेल्या मिठासारखं.

उतरताना स्टिअरिंग माझ्याकडे होतं.
शेवटच्या डोंगराआधी
त्यानं गुपचूप माझ्या सीटची पाठ धरली,
आणि मग,
श्वासाएवढ्या अंतरानं,
विमान खड्ड्यात पडल्यासारखं खाली गेलं.
रडारवर काही नव्हतं. त्याला माहीत होतं.
शेत सुटलं तरी
बांधावरचा खळगा पायाला आठवतोच.

चाकं टेकली. जरा आपटलीच.
तो काही म्हणाला नाही, हे बरं झालं.
म्हणाला असता ‘छान’, तर राग आला असता,
नसतं आवडलं म्हणाला असता, तरीही.

फलक सीटमागे राहिला.
जिन्यावर गाठून दिला मी,
अक्षरं आतल्या बाजूला वळवून.
बर्फ भुरभुरत होता.
“तुम्ही लोक टोपी का घालत नाही?” त्यानं विचारलं.
देत नाहीत, म्हटलं.
त्यानं काखेतली आपली टोपी बघितली,
थोडी झटकली,
घालावी की नको, असं काहीतरी
क्षणभर हातात धरून उभा राहिला,
मग घातली.
थंडी होतीच तशी.