उणे अठरा

दोन पत्रं आहेत. फ्रिजवर, एकाच चुंबकाखाली.
एक कोइमतूरचं. पंपाचा कारखाना, राहायला क्वार्टर,
दारात शेवगा आहे, हे त्यांनी मुद्दाम लिहिलंय.
दुसरं पार उत्तरेचं, समुद्र गोठतो त्या गावचं.
त्या गावाचं नाव आम्ही अजून दोघं दोन तऱ्हांनी उच्चारतो.

सुकुमार उद्यमनगरात भट्टीवर. एकोणीस वर्षं.
वितळलं लोखंड किती अंशावर आहे, ते तो रंगावरून सांगतो
आणि घरी आला की फरशीवर उघडा पडतो,
पंख्याखाली, चैत्र असो की पौष.
मी जमखंडीची. उन्हात वाळवलेली.
रंकाळ्यावर धुकं उतरलं
की आधी माझे गुडघे सांगतात, मग पेपर.

मामंजी, भूपाल आण्णा,
दिवस मावळायच्या आत जेवतात.
त्यांनी चष्मा पुसून दुसरं पत्र ऐकलं.
"उन्हाळ्यात तिथं सूर्य बुडतच न्हाई म्हणं?"
"नाही आण्णा."
"म्हंजे मध्यरात्रीबी जेवायला मोकळीक."
मग बराच वेळ गप्प. मग,
"आणि थंडीत उगवतच न्हाई.
तेवढ्या दिवसांचा उपास कोण सोडवणार?"

शेवटी रविवारी रंगीत तालीम केली.
शिरोलीत आइस्क्रीमची कोल्ड रूम आहे,
रियाज मुल्लाणी तिथं सुपरवायझर, सुकुमारच्या वर्गातला.
मी दोन स्वेटर, त्यावर आण्णांची कानटोपी.
याचे मोजे अंगठ्याच्या चपलेत बसेनात,
तो तसाच आला, अनवाणी मोज्यांवर.
"धा मिंटं," रियाज म्हणाला, "वहिनी, नाही सोसलं तर दार वाजवा."

उणे अठरा.
पिस्ता आणि सीताफळाच्या खोक्यांमध्ये आम्ही दोघं.
आधी नाकातले केस ताठ झाले.
मग तोंडातून आपोआप "चळी" निघालं,
आईचा शब्द, वाफेसकट.
वीस वर्षं मराठीत संसार केला,
थंडी मात्र कन्नडमध्येच वाजली.
मी मनात सामान भरायला घेतलं,
गुळाच्या ढेपा, मेतकूट, तिळाचं तेल,
बॅगेत ऊन कसं भरायचं तेवढं सुचेना.
सहाव्या मिनिटाला दाराकडे वळले
आणि वळता वळता त्याच्याकडे पाहिलं.

कपाळ कोरडं होतं.
आमच्या लग्नात अंतरपाट बाजूला झाला
तेव्हाही तो घामानं निथळत होता.
भाजल्याच्या जुन्या डागांचे हात
त्यानं पुढे धरले होते, तळवे वर,
कुणी काही वाढणार असल्यासारखे.
"बरं वाटतंय," म्हणाला.
चोरी कबूल करावी तसं.

मी दार वाजवलं नाही.
दहाची बारा मिनिटं झाली. रियाज चहा पीत बसला होता.

बाहेर हायवेवरचं ऊन
माझ्या गुडघ्यांत उतरलं, मुंगळ्यासारखं, गोड.
त्याच्या कपाळावर पहिला थेंब.
स्कूटरवर कावळा नाक्यापर्यंत कुणीच बोललं नाही.

रात्री गंगावेशीत दूध प्यायलो. आम्ही आण्णांइतके पाळत नाही.
समोरच म्हैस पिळली, फेसानं पेला भरला.
मी दोन्ही तळव्यांत धरला,
त्यानं काठाला धरून, रुमालात.
"कोइमतूरला म्हशी असतील?"
"असतीलच की."
"आणि तिथं वर?"
मला नव्हतं माहीत. म्हशीनं शेपूट मारलं,
पेल्यात जरासं शेण उडालं,
मालकानं न बोलता दुसरा पेला भरून दिला.

उत्तर पंधरा तारखेपर्यंत द्यायचंय. आज अकरा.
अर्जात "सोबत येणारे" असा एक रकाना आहे.
मी पेन्सिलनं नाव लिहिलं,
मग शेवगा आठवला, खोडलं,
खोडल्यावरही ते वाचता येतंय.
आण्णांनी कधीच हात धुतलेत.
हा फरशीवर झोपलाय, तोंड उघडं.
मी पंखा एकानं वाढवला
आणि शाल शोधत बसले.