मागील पानावरून

नारीनच्या वरच्या अंगाला आमची शाळा.
सप्टेंबर सरता सरता कारा-केचेहून ट्रक येतो,
अंगणात कोळसा ओततो,
आणि भट्टीवाला कालमुर्झा
कानामागची पेन्सिल काढून वहीत लिहितो:
आले, नऊ टन.
मग रोजचं: जाळले, दोन बादल्या.
उणे अठ्ठावीस असेल तर तीन.
पान भरलं की खाली बेरीज,
नव्या पानाच्या डोक्यावर तेच ते,
मागील पानावरून पुढे चालू.

आठवीला मी ऊर्जेची अक्षय्यता शिकवते.
पंचवीस वर्षं तेच वाक्य, तोच फळा:
निर्माण होत नाही, नष्ट होत नाही.
मुलं हातमोज्यांसकट लिहून घेतात,
म्हणून अक्षर गिचमिड.

आयझिरेक लिहीत नाही.
बाई, बादलीभर कोळसा आत जातो,
राख निघते ओंजळभर. बाकीचं?
धूर, म्हटलं. ऊब. तुझ्या गालांवरची लाली.
आणि कोळशात कुठून आलं?
जंगलातून. होतं इथे एकदा,
आता झाड बघायला घोड्यावर दोन तास.
जंगलात?
उन्हातून.
उन्हात?
सूर्याच्या पोटात हायड्रोजनची राख होते,
त्या राखेला हेलियम म्हणतात.
आणि हायड्रोजन?

इथे खडू मोडला असं सांगायला बरं वाटलं असतं.
मोडला नाही. मी खिडकीबाहेर पाहिलं.
म्हटलं, अब्जावधी वर्षांमागे सगळं दाटीवाटीनं, तापलेलं.
त्याआधी,
कुणी म्हणतं, होतंच. नेहमीच होतं.
कुणी म्हणतं, जमा तितकंच नावे,
सगळ्याची बेरीज शून्य,
उसनवारीवर थाटलेला संसार.

उसनं कुणाकडून?

घंटा झाली.
घंटा म्हणजे ट्रकच्या चाकाची जुनी रिम,
ती बराच वेळ वाजत राहते.

फेब्रुवारीत कालमुर्झा गेला.
जमीन अशी गोठलेली की कुदळ उसळून परत येई.
कबरीच्या जागेवर आधी कोळसा पेटवला,
शाळेचाच, चार बादल्या,
मग तासाभरानं माती मऊ आली.
त्या चार बादल्या कुठल्याच पानावर नाहीत.
वहीही सापडली नाही.

त्याच्या जागी पुतण्या आला, इल्गिझ,
एकोणीस वर्षांचा, मिशी अजून ठरायची आहे.
नवी वही. कोरी.
पहिल्याच पानाच्या पहिल्याच ओळीत त्यानं लिहिलं होतं:
मागील पानावरून पुढे चालू, सव्वादोन टन.

अरे, मागचं पान कुठाय?

त्यानं फावडं भिंतीला टेकवलं.
मी आलो तेव्हा ढीग होताच, बाई.

आयझिरेक दारात उभी, टोपीवर बर्फ.
मग मोजला कुणी?

अंदाजानं,
म्हणाला तो,
आणि भट्टीचं दार उघडलं.